‘अश्रे’, ‘बारूख’ आणि आपलं ‘धन्य’

प्रश्न : मराठी बायबलात पहिल्याच स्तोत्रात सन्मार्गी माणसाला ‘धन्य’ म्हटलंय. मूळ हिब्रू शब्द ‘अश्रे’ आहे असं कळलं. त्याचं आपल्या ‘आश्रय’शी काही नातं आहे का? आणि ‘परमेश्वर धन्यवादित असो’ इथेही अश्रेच का?

उत्तर : ‘आश्रय’शी नातं नाही. तो संस्कृत ‘श्रि’ धातूचा, अश्रे हिब्रू-अरबीच्या सेमिटिक भाषाकुळातला. योगायोग मात्र गोड आहे. दुसऱ्या स्तोत्राचा शेवटच असा, की त्याचा आश्रय घेणारे सगळे धन्य! तिथे ‘धन्य’साठी अश्रेच आहे.

देवाला मात्र अश्रे कधीच म्हणत नाहीत, संपूर्ण हिब्रू बायबलात एकदाही नाही. तिथे ‘बारूख’, म्हणजे ‘आशीर्वादित’, येतो. बारूख माणसालाही चालतो, देवालाही. अश्रे फक्त माणसांसाठी. मराठीत दोन्हीकडे ‘धन्य’ आल्याने ही सीमारेषा पुसट होते, आणि मला त्याची खरंच हळहळ वाटते.

अश्रेचा घाट अनेकवचनी आहे. शब्दशः ‘त्या माणसाची सुखं!’ क्रियापद नाही, नुसता उद्गार. कुणाचा भरला संसार बघून आपण ‘काय भाग्य हो!’ म्हणतो ना, तसा. १२८व्या स्तोत्रात हेच चित्र आहे : स्वतःच्या कष्टाचं खाणारा माणूस, द्राक्षवेलीसारखी बहरलेली बायको, ताटाभोवती जैतुनाच्या रोपांसारखी पोरं. बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३०व्या अध्यायात याकोबाची बायको लेआ आपल्या दासीच्या दुसऱ्या मुलाचं नाव आशेर ठेवते, कारण ‘आता बाया मला सुखी म्हणतील’. म्हणजे अश्रे हा बघणाऱ्याच्या तोंडचा शब्द. म्हणून मी तिथे ‘किती सुखी तो!’ असंच भाषांतर करीन.

बारूखचं तसं नाही. आशीर्वाद द्यावा लागतो, आणि एकदा दिला की परत घेता येत नाही. धाकट्या याकोबाने फसवून नेलेला आशीर्वाद वडिलांना, इसहाकाला, मागे घेता आला नाही. थोरला मुलगा एसाव रडत विचारतो, बाबा, तुमच्याकडे एकच आशीर्वाद होता का? तो प्रसंग मी कितीदा वाचला तरी घसा दाटून येतो.

प्रश्न : मग बारूख आणि आपली ‘बरकत’?

उत्तर : हो, हे नातं खरं! बरकत अरबीतून फारसीमार्गे मराठीत आली, आणि अरबी-हिब्रूत धातू एकच : ब-र-क. हिब्रूत त्याच अक्षरांचा ‘बेरेख’ म्हणजे गुडघा. आशीर्वाद आणि गुडघे टेकणं मुळात एकच होतं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण उत्पत्तीचा २४वा अध्याय बघा. इसहाकासाठी वधू शोधायला निघालेला, त्याच्या वडिलांचा, अब्राहामाचा, नोकर गावाबाहेर विहिरीपाशी उंटांना गुडघ्यांवर बसवतो, तिथे याच अक्षरांचं क्रियापद आहे. रिबका नावाची मुलगी घागर उतरवून त्याला पाणी पाजते, उंटांसाठीही शेंदते, आणि ती अब्राहामाच्याच नात्यातली हे कळल्यावर तो देवाला म्हणतो, ‘बारूख!’