ब्रिटनमधलं टीव्हीचं लायसन्स आणि कार्यक्रमांचा दर्जा, खरंच काही संबंध आहे का?

रेणापूरकर

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ २०२५ च्या उन्हाळ्यात नोकरीला लेस्टरला गेला, खोली घेतली अन थोड्याच दिवसांत घरी पत्र आलं की टीव्ही बघत असाल तर लायसन्स काढा, वर्षाला १७४.५० पाउंड. आपल्या पैशात वीस हजाराच्या आसपास जातंय हे. तो म्हणला मी बीबीसी बघतच नाही, दुसऱ्या चॅनलवर मॅच बघतो, तर तिथल्या सोबत्यानं सांगितलं की कोणतंबी चॅनल लाइव्ह बघायचं असलं तरी लायसन्स लागतंच, आणि ते पैसे मुख्यतः बीबीसीला जातात. मला आधी हे लई अन्यायाचं वाटलं.

पण मग आमच्या आबांची आठवण आली. आबा रोज संध्याकाळी शॉर्टवेव्हवर बीबीसी हिंदी लावायचे. ९३ च्या भूकंपानंतर कितीतरी दिवस आम्ही सगळे अंगणात झोपायचो तेव्हा तो रेडिओ त्यांच्या उशालाच असायचा. एक माणूस शांतपणे बातमी सांगतोय, कुणावर ओरडत नाही, हे मी लहानपणी तिथंच ऐकलं. आणि आता घरी बघा, सोयाबीन काढायला आलंय, वडलांना पाऊस किती दिवस राहणार अन आडतीत भाव काय चाललाय एवढंच पाहिजे असतं, आणि टीव्ही लावला की सहा चौकटींत सहा माणसं एकदम ओरडायलेत, त्यात जाहिराती.

तर विचारायचं हे की ब्रिटनमधे लोकांच्या पैशावर चालणारं चॅनल आणि जाहिरातीवर चालणारी चॅनल दोन्ही आहेत ना, मग तिथं चांगले कार्यक्रम खरंच लायसन्सच्या पैशामुळं निघाले का? का आपणच लांबून उगं कौतुक करतोय? माहितगारांनी सविस्तर सांगा.

अंबाजोगाईची लेक

दादा, चांगला प्रश्न काढलात. मी संभाजीनगरला पत्रकारितेचं शिक्षण घेतलं तेव्हा या विषयावर पेपर लिहिला होता, त्यामुळं थोडं लांबण लागेल.

आधी एक दुरुस्ती. आबा ऐकायचे ती बीबीसी हिंदी वर्ल्ड सर्व्हिसची, म्हणजे बीबीसीच्या परदेशातल्या श्रोत्यांसाठीच्या सेवेची होती, तिचा खर्च २०१४ पर्यंत ब्रिटनचं परराष्ट्र खातं द्यायचं, म्हणजे करातला पैसा. लायसन्सचा नाही. २०१४ नंतर तो बोजा लायसन्सवर टाकला, वर सरकारचं थोडं अनुदान. शॉर्टवेव्हवरची हिंदी सेवा २०२० च्या जानेवारीत बंद झाली.

आता मुख्य मुद्दा. बीबीसी १९२२ ला सुरू झाली ती रेडिओ बनवणाऱ्या कंपन्यांची कंपनी म्हणून, १९२७ ला शाही सनद देऊन तिचं सार्वजनिक महामंडळ केलं. टीव्हीचं लायसन्स १९४६ ला आलं, तेव्हा २ पाउंड. १९५५ च्या २२ सप्टेंबरला आयटीव्ही सुरू झालं, जाहिरातीवर चालणारं. बहुतेकांना वाटतं की इथून भांडण सुरू झालं, एक सज्जन आणि एक बाजारू. तसं झालं नाही, आणि ते का झालं नाही हेच खरं समजून घेण्यासारखं आहे.

ही दोघं प्रेक्षकासाठी भांडायची पण पैशासाठी भांडत नव्हती. लायसन्सचा पैसा एकट्या बीबीसीचा. टीव्हीवरच्या जाहिरातीचा पैसा एकट्या आयटीव्हीचा, तेही इलाखे वाटून दिलेले, मँचेस्टरकडं ग्रॅनडा, तसंच बाकीच्या कंपन्यांना बाकीचा मुलूख. एका विहिरीवर दोन मोटा नव्हत्या, ज्याची त्याची विहीर वेगळी होती. त्यामुळं एखादा कार्यक्रम कमी लोकांनी बघितला म्हणून कुणाचं दिवाळं निघत नव्हतं, आणि शेजाऱ्याचं चांगलं बघून आपणबी तसं करावं ही चुरस मात्र राहिली.

१९८५ ला थॅचरबाईंच्या सरकारनं ॲलन पीकॉक या अर्थतज्ज्ञाच्या हाताखाली समिती नेमली, बीबीसीनं जाहिराती घ्याव्यात का बघायला. सरकारचा कल सगळ्यांना माहीत होता आणि पीकॉक स्वतः बाजाराच्या बाजूचे. तरी १९८६ ला समितीनं सांगितलं की आत्ता बीबीसीवर जाहिराती आणू नका, दोघं एकाच पैशामागं पळायला लागले तर दोन्हीकडचे कार्यक्रम एकसारखे होतील आणि वेगळ्या आवडीच्या प्रेक्षकाला कुणी विचारणार नाही. बाजार मानणाऱ्या माणसानं हे सांगितलं म्हणून मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

नांदेडचा शिक्षक

ताईंनी छान मांडलं, पण वाचणाऱ्याला वाटेल की आयटीव्ही नुसती शेजारी होती. तसं नाहीये हो. दुसऱ्या महायुद्धावरची ती २६ भागांची माहितीपट मालिका, जी आजबी जगभर बघतात, ती १९७३ ची, थेम्स नावाच्या आयटीव्ही कंपनीची. भारतातल्या इंग्रजी राजवटीच्या शेवटच्या दिवसांवरची १९८४ ची मोठी मालिका ग्रॅनडाची. दोन्ही जाहिरातीच्या पैशावर. आणि १९८८ ला जिब्राल्टरमधे ब्रिटिश सैनिकांनी आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या तिघांना गोळ्या घातल्या त्याची चौकशी करणारा कार्यक्रमबी थेम्सनंच केला, परराष्ट्रमंत्री जेफ्री हाऊ यांनी पुढं ढकला म्हणून सांगितलं तरी तो दाखवला गेला. दाखवायचा निर्णय कुणाचा होता? आयटीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या आयबीए या संस्थेचा. सरकारनं नेमलेली संस्था सरकारला नाही म्हणाली!

म्हणून माझं म्हणणं असं की पैसा कुठून आला याच्याइतकंच, त्या पैशाच्या बदल्यात काय मागितलं गेलं हे बघावं. १९५४ च्या कायद्यातच होतं की जाहिरातदारानं फक्त जाहिरातीची वेळ विकत घ्यायची, कार्यक्रम प्रायोजित करायचा नाही. अमेरिकेत साबणवाले मालिका चालवायचे ते इथं पहिल्यापासून बंद. १९६२ ला पिल्किंग्टन समितीनं आयटीव्हीला उथळपणाबद्दल चांगलंच झापलं आणि तिसरं चॅनल बीबीसीला द्यायला सांगितलं, ते १९६४ ला बीबीसी टू म्हणून आलं. शिवाय ठरावीक वर्षांनी परवाने पुन्हा वाटायचे, काम बरं नसलं की परवाना जायचा, १९८० ला सदर्न आणि वेस्टवर्ड या दोन कंपन्यांचा गेलाच. वर्गात हजेरी घेणारा कडक असला की पोरं अभ्यास करतात, मी तीस वर्षं बघतोय.

आणि मग १९९० चा कायदा आला, परवाने लिलावात काढले. १९९१ ला त्याच थेम्सपेक्षा कार्लटन नावाच्या कंपनीनं जास्त बोली लावली आणि थेम्स गेली. तिकडं इंग्लंडच्या मधल्या इलाख्यात सेंट्रल या कंपनीच्या समोर कुणी उभंच नव्हतं म्हणून तिला वर्षाला फक्त २००० पाउंडांत परवाना मिळाला. जो पैसा मालिकेवर लागायचा तो कुठं बोलीत गेला, कुठं नुसता वाचला, यात बघणाऱ्याचा काय फायदा?

जुना परभणीकर

मंडळी, तुम्ही दर्जा दर्जा म्हणायलेत पण लायसन्स भरतंय कोण ते बी बघा. हे लायसन्स गरिबाला अन लॉर्डाला सारखंच. नाही भरलं तर तो फौजदारी गुन्हा आहे, १००० पाउंडांपर्यंत दंड. आणि इंग्लंडात या गुन्ह्यात शिक्षा होणाऱ्यांत चारातल्या जवळपास तीन बायका असतात, कारण तपासणीवाला दार वाजवतो तेव्हा घरात बाईच असते. ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना आधी फुकट होतं ते २०२० च्या ऑगस्टपासून बंद केलं, आता फक्त पेन्शन क्रेडिट मिळणाऱ्या गरीब म्हाताऱ्यांना सूट. चांगली मालिका बनती म्हणून एकट्या लेकुरवाळ्या बाईला कोर्टात उभं करायचं हे मला पटत नाही. पैसा लोकांनीच द्यावा पण ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं घ्यावा.

आपल्याकडं बी लायसन्स होतंच की. नव्या पोरांना माहीत नसंल, रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन दरवर्षी भरावं लागायचं, त्याचं छोटं पुस्तक असायचं, त्यात तिकीट लावून शिक्का मारायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सगळंच बंद झालं. मग दूरदर्शनला राहिलं काय, सरकारचा पैसा अन १९७६ पासून सुरू केलेल्या जाहिराती. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, ती उभी राहिली १९९७ ला. म्हणजे ताई म्हणल्या तशी दुसऱ्याची विहीर वापरायची वेळ आली अन स्वतःची बी राहिली नाही.

मी स्वतः तरुण असताना सीमेपलीकडं पाहुण्याच्या गावात एक टीव्ही बघितलाय, १९७५-७६ ला. गुलबर्ग्याकडं. इस्रोनं अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांत २४०० गावांत टीव्ही लावले होते, शेतीचं, तब्येतीचं, पोरांच्या शाळेचं दाखवायचे. महाराष्ट्राला मिळालं नव्हतं म्हणून आम्ही पाहुण्याकडं जायचो. भाषा पुरती कळायची नाही तरी सगळं गाव बसायचं. त्या वर्षभरात जाहिरात एक नव्हती. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला, संच धूळ खात राहिले. ते सारखं डोक्यात येतं माझ्या.

अंबाजोगाईची लेक

काका, तुमचं बायकांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. जर्मनीत घरटी वर्गणी आहे, टीव्ही असो नसो, गरिबाला माफी मिळते, दार वाजवून कुणाला पकडायची भानगडच नाही. फिनलंडनं २०१३ पासून उत्पन्नाप्रमाणं कर लावला. म्हणजे रस्ते आहेत.

सरांनी म्हणलं त्यात एक जोडते. चॅनल फोर बघा, १९८२ च्या २ नोव्हेंबरला सुरू झालं. मालकी सरकारी पण पैसा जाहिरातीचा, आणि स्वतः कार्यक्रम बनवायचे नाहीत, बाहेरच्या छोट्या निर्मात्यांकडून घ्यायचे. पहिली दहा वर्षं जाहिरातीची वेळसुद्धा स्वतः विकत नव्हतं, आयटीव्ही कंपन्या ती विकायच्या आणि चॅनलला ठरलेली वर्गणी द्यायच्या. त्यामुळं आशियाई लोकांवरचे, काळ्या लोकांवरचे, समलिंगी माणसांवरचे कार्यक्रम तिथं झाले जे दुसरं कुणी घेतलं नसतं. १९९३ पासून स्वतःची जाहिरात स्वतः विकायला लागलं.

आणि भाषेचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. वेल्समधे वेल्श भाषेचं चॅनल देतो म्हणून सरकारनं वचन दिलं आणि १९७९ ला फिरवलं. लोकांनी लायसन्स भरायचं बंद केलं, काही तुरुंगात गेले. १९८० ला ग्विनफोर एव्हान्स या सत्तरीकडं आलेल्या पुढाऱ्यानं जाहीर केलं की ६ ऑक्टोबरपासून आमरण उपोषण करणार. सप्टेंबरातच सरकार नमलं, १९८२ ला एसफोरसी हे वेल्श चॅनल सुरू झालं, आज ते जवळपास सगळं लायसन्सच्या पैशावर चालतं. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधे वेल्श बोलणारे ५ लाख ३८ हजार. आपल्या एका लातूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला साडेचोवीस लाख होती! जाहिरातवाला पाच लाखांसाठी कधी मालिका काढेल का?

नांदेडचा शिक्षक

एसफोरसीचं मला एवढं माहीत नव्हतं, धन्यवाद ताई.

एक मात्र राहिलं. २०२४ च्या जानेवारीत आयटीव्हीनं पोस्टमास्तरांवर चार भागांची मालिका दाखवली. कॉम्प्युटरच्या चुकीमुळं हिशोबात तूट दिसली आणि ९०० च्या वर छोट्या पोस्ट चालवणाऱ्यांना चोर ठरवलं होतं. बीबीसीनं २०१५ लाच यावर कार्यक्रम केलेला, पेपरांनी लिहिलेलं, पण लोक खवळले ते ही मालिका बघून, आणि मे महिन्यात संसदेनं कायदा करून शिक्षा रद्द केल्या. जाहिरातीचं चॅनल असूनही आयटीव्हीवर अजून परवान्याच्या अटी आहेत, तिथल्या देशाबद्दलचे कार्यक्रम करावेच लागतात. सगळ्या जगात खपेल असंच बघणारी स्ट्रीमिंग कंपनी एका गावच्या पोस्टमास्तरावर पैसा लावील का, मला शंका आहे. आणि लायसन्सचे पैसे २०२२ ते २०२४ गोठवले तेव्हा महागाई केवढी होती, बीबीसीनं रात्रीचा चौकशीचा कार्यक्रम अर्ध्या तासावर आणला, जिल्ह्याजिल्ह्यांच्या रेडिओंचे दुपारनंतरचे कार्यक्रम एकत्र केले. सगळ्यात आधी गावाकडचाच आवाज कापला गेला. बीबीसीची सनद २०२७ च्या डिसेंबरात संपतीय, पुढं काय ठरवतात त्याकडं लक्ष ठेवा.

रेणापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला काल रात्री सगळं वाचून दाखवलं, त्याचं म्हणणं लायसन्स काढतो पण आता ते वेल्श चॅनल एकदा तरी लावून बघतो, समजलं नाही तरी.

काका, तुम्ही पुस्तकाचं लिहिलं म्हणून आज आबांची ट्रंक उघडली. सात-बाराच्या उताऱ्यांखाली सापडलं. आबांचं नाव उर्दू वळणाच्या मराठीत लिहिलेलं, दर पानावर १५ रुपयांचं तिकीट अन वर रेणापूर पोस्टाचा गोल शिक्का, शेवटचा १९७९ चा. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जायचे म्हणून आजी सांगायची, त्या वर्षाचं पान उघडलं, तिथंबी शिक्का आहे. फोटो नीट येत नाहीये, उद्या उजेडात काढून टाकतो.