मुदत संपण्याआधी चेव्हनिंगचा अर्ज भरावा का?

माणदेशी लेक
सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामपंचायत सदस्य आहे. वय २७, एमएसडब्ल्यू झालंय, महिला राखीव जागेवर निवडून आले. पंचायतीची मुदत पुढच्या वर्षी डिसेंबरात संपते.

ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला अर्ज करायचं मनात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८३ पासूनची योजना आहे, उद्याच्या नेतृत्वासाठी म्हणून दिली जाते. ब्रिटनमध्ये एका वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण, फी, राहणं, विमानभाडं त्यांच्याकडून. किमान २,८०० तास कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपलं की मायदेशी परतून दोन वर्षं राहावंच लागतं. माझी पहिली पसंती ससेक्सच्या इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजमधल्या शासनव्यवहार, विकास आणि सार्वजनिक धोरण या एमएला आहे. आता अर्ज केला आणि निवड झाली, तर पुढच्या सप्टेंबरात निघावं लागेल. म्हणजे मुदतीचे शेवटचे तीन महिने मी गावात नसेन.

का जायचंय ते सांगते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असा नियम आहे. आमच्याकडे शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा, बायका चुलीपुढून उठून सह्या करायच्या, की झाली सभा. मी पहिली खरी सभा समाजमंदिरात घेतली तेव्हा नऊ जणी आल्या. गेल्या वेळी बावन्न होत्या. त्यांनी मांडलेला ठराव ग्रामसभेत टिकला आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच खर्च करायच्या साठ टक्क्यांतून, वरच्या वस्तीला पाइपलाइन गेली. पण नवाच्या बावन्न कशा झाल्या हे मला स्वतःलाच नीट उमगलेलं नाही. शेजारच्या गावातल्या मैत्रिणीनं तेच सगळं केलं, तिच्याकडे सहाच्या वर कोणी येत नाही. सदस्यांच्या प्रशिक्षणात आम्हाला नमुने भरायला शिकवलं, हे कोणी शिकवलं नाही.

अर्ज करावा असंच मला वाटतं. घरचे आणि दोन सहकारी सदस्य म्हणतात, ही मतदारांची फसवणूक आहे. तुमचं मत सांगा, विरोधातलं असलं तरी.

निवृत्त मास्तर, फलटण
ताई, मी विरोधात आहे, आणि ते मायेनं लिहितो आहे.

मतं मागताना पाच वर्षांसाठी मागितली होती. पावणेपाच वर्षं म्हणून नाही. त्यातही कुठले तीन महिने जाणार ते बघा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्यात येते आणि पुढच्या वर्षाचा गाव विकास आराखडा त्याच दिवसांत ठरायला घेतात. तुमच्या बावन्न जणींनी काय मागितलं ते आराखड्यात उतरलं की नाही, हे बघायला टेबलाशी कोण बसेल? नवीन बॉडी येईल तेव्हा महिला सभेचं रजिस्टर पुन्हा घरोघर फिरायला वेळ लागणार नाही. चाळीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या शाळांवर काढली आहेत, एका माणसाच्या जिवावर उभं राहिलेलं काम तो माणूस हलला की कसं बसतं ते पाहिलेलं आहे.

दुसरं म्हणजे, हे शिकायला ससेक्स कशाला? हिवरे बाजारनं पावसाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून कुठलं पीक घ्यायचं ते गावात बसून ठरवलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे भिंतीवर लिहून न थांबता जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. केरळनं १९९६ मध्ये लोकनियोजन सुरू करून राज्याच्या योजना निधीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा स्थानिक संस्थांच्या हातात दिला. सदस्यांना शिकवणारी त्यांची संस्था त्रिशूरजवळ आहे. रेल्वेनं जा, आठ दिवसांत परत या, २ ऑक्टोबरला गावात हजर राहा.

ब्रायटनवासी
मास्तर, आठ दिवसांत माहिती मिळते, पण स्वतःच्या कामाकडे लांबून बघायला तेवढ्यानं भागत नाही.

मी इकडे ब्रिटनला शिकायला कर्ज काढून आले होते, शिष्यवृत्तीवर नाही, त्यामुळे कुणाची जाहिरात करत नाही. विषय हाच होता. वर्गात केनियातली एक मुलगी होती, काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या, अंदाजपत्रकावर काम करणारी. केनियानं २०१० च्या संविधानानं ४७ काउंट्या केल्या आणि देशाच्या महसुलातला किमान १५ टक्के वाटा त्यांना मिळालाच पाहिजे असं संविधानातच लिहिलं. मी तिला आमच्या ग्रामसभेबद्दल अभिमानानं सांगत होते. तिनं विचारलं, "ग्रामसभेनं सांगितलेलं पंचायतीनं केलं नाही तर त्याचं कारण लेखी द्यावं लागतं का?" मला उत्तर देता आलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावात वाढलेली मी, वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मलाही पडला नव्हता.

मेंढा-लेखा आणि हिवरे बाजार थोर आहेत, पण आपण तिथे जातो ते दर्शनाला गेल्यासारखे. फोटो काढतो, नारळ देतो, आणि "तिथला माणूस वेगळाच आहे हो" म्हणत परत येतो. नवाच्या बावन्न कशा झाल्या आणि शेजारी सहाच का राहिल्या, हा अभ्यासाचाच प्रश्न आहे ताई. जा.

माजी सरपंच, नेवासा
अभ्यासाचं ठीक. पैसा कुणाचा ते बोला. ही शिष्यवृत्ती ब्रिटनचं परराष्ट्र खातं देतं. परराष्ट्र खातं दानधर्म करत नसतं. पुढे मोठ्या पदावर जातील अशी माणसं हेरायची, वर्षभर सांभाळायची आणि जन्मभराचे संबंध राखायचे, असा तो व्यवहार आहे, आणि ते स्वतःही तो लपवत नाहीत. अर्जातच विचारतात की नेतृत्व काय केलं, संबंध कसे जोडता, पुढचा बेत काय. आपल्या गावच्या पुढाऱ्यांची यादी दुसऱ्या देशाच्या दफ्तरात का असावी? मी पंधरा वर्षं पंचायतीत होतो. साध्या ठेकेदाराच्या चहालाही नाही म्हणायचो. चहा पाच रुपयांचा होता, पण मिंधेपण पाच रुपयांचं राहत नाही.

लेखणी
सरपंच साहेब, तुमच्या चहाच्या नियमाला हात जोडते. पण मग बाबासाहेबांचं काय? १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊनच ते कोलंबियाला गेले ना? बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची अट होती. अट होती म्हणून त्यांची लेखणी मिंधी झाली का? १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जातीवर निबंध वाचला, तो कुठल्या दात्याला खूश करायला लिहिलेला होता? पैसा कुणाचा याच्याइतकंच तो घेणारा कोण आहे हेही बघायला हवं.

माजी सरपंच, नेवासा
बाबासाहेबांचं नाव घेतलंत, आता पुढचंही सांगा. सयाजीराव परके नव्हते, आपले होते, ही पहिली गोष्ट. मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून बाबासाहेब आले, करारानं बडोद्यात रुजू झाले, आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं. शिष्यवृत्ती देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण परत येणाऱ्याला पाय ठेवायला जागा आहे का, याची तजवीज कुणी केली नव्हती. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते साठवलेल्या पगारावर आणि शाहू महाराजांच्या, मित्राच्या मदतीवर. तेव्हा ताईंना माझा प्रश्न हाच आहे. परत आल्यावर गावात तुमची जागा कुठली असेल? सदस्यपद गेलेलं, पुढची बॉडी दुसऱ्या गटाची, हातात इंग्रजी पदवी. अशी माणसं पुण्याला संस्थेत नोकरीला लागतात. त्यांचं चांगलंच होतं, गावाचं होत नाही.

लेखणी
हा मुद्दा मला खोडता येत नाही. माझा भाऊ असाच पुण्यात आहे.

वकील, कराड
भावनेचं तुमचं चालू द्या, मी कायद्याचं सांगतो, कारण तिथे ताई अडकू शकतात.

एक. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, कलम ४०. पंचायतीची रजा न घेता सदस्य सलग चार महिन्यांहून जास्त गावाबाहेर राहिला तर पद जातं. रजा सहा महिन्यांपर्यंत मिळू शकते. ताईंचे तीनच महिने आहेत, त्यामुळे पद जाणार नाही. तरीही रजेचा अर्ज देऊन ठराव घेऊन ठेवा, तोंडी काही ठेवू नका.

दोन, आणि हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. परकीय योगदान विनियमन कायदा, २०१०, कलम ६. परदेशात परकीय आतिथ्य स्वीकारायला विधिमंडळ सदस्य, पक्षाचे पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी नोकर यांना केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. लोक म्हणतात, आम्ही कुठे आमदार? पण त्या कायद्यातल्या 'विधिमंडळा'च्या व्याख्येत नगरपालिका आणि पंचायतही येते. म्हणजे वॉर्डातला साधा सदस्यसुद्धा. विमानभाडं आणि राहण्याचा खर्च परकीय सरकार देणार, ते आतिथ्यच झालं. शिष्यवृत्ती म्हणून मिळणाऱ्या पैशाला कलम ४ मध्ये सूट आहे, पण त्या भरवशावर कलम ६ कडे काणाडोळा करू नका. एफसी-२ अर्ज गृह मंत्रालयाकडे ऑनलाइन करायचा, नियमात निघण्याच्या दोन आठवडे आधी म्हटलंय, तुम्ही दोन महिने आधी करा.

एक वर्ष थांबलात आणि मुदत संपल्यावर गेलात तर या दोन्हींतलं काहीच लागत नाही. माझं मत थांबण्याच्या बाजूनं आहे, पण ते वकिलाचं मत आहे.

दोनदा अर्ज केलेली
मी अशाच एका परदेशी फेलोशिपसाठी दोनदा अर्ज केला. पहिल्यांदा नकार, दुसऱ्यांदा निवड. मधल्या वर्षात माझ्या कामात काहीच बदललं नव्हतं. बदललं ते एक सर्वनाम.

पहिल्या निबंधात मी सगळीकडे 'आम्ही' लिहिलं होतं. आम्ही मोर्चा काढला, आम्ही रेशन दुकानाचा हिशेब मागितला. आपल्याकडे सभ्य माणूस असंच बोलतो. 'मी केलं' म्हणणाऱ्याकडे गाव कसं बघतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या ताईंना मी निबंध वाचायला दिला त्यांनी विचारलं, "यात तू कुठे आहेस? तू नसतीस तर काय झालं नसतं?" मला रडू आलं, खोटं नाही सांगत. तालुक्याच्या कचेरीत हिशेब मागायला पहिल्यांदा उठून उभी राहिले ती मीच होते, आणि ते लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. मग लिहिलं. जे एकटीनं केलं ते 'मी' म्हणून, जे बायकांनी केलं ते 'बायकांनी' म्हणून. निवड झाली.

इंग्रजीचीही भीती होती. चेव्हनिंग स्वतः आता इंग्रजीची परीक्षा मागत नाही, पण विद्यापीठ मागतं, त्यामुळे आयईएलटीएसची तयारी आत्तापासून धरा. मुलाखतही इंग्रजीतच असते. मी मराठीत विचार करून इंग्रजीत लिहीत होते तोवर निबंध सरकारी पत्रासारखे होत होते. घडलेला प्रसंग जसाच्या तसा सांगायला लागले तेव्हा इंग्रजी साधं झालं आणि बरंही झालं.

ताई, तुमच्या रजिस्टरच्या गोष्टीत निबंध आहेच. या वर्षी अर्ज कराच. नकार आला तर मुदत पूर्ण होईल आणि पुढच्या वर्षीचा अर्ज सुधारलेला असेल. थांबलात तर हा सराव जातो.

निवृत्त मास्तर, फलटण
या 'मी'बद्दलच मला बोलायचं होतं. ज्या परीक्षेत उत्तीर्ण व्हायला 'आम्ही' पुसून 'मी' लिहावं लागतं, ती लोकशाहीचं नेतृत्व कसं ओळखणार? समाजमंदिरात बावन्न बायका येतात त्या एकट्या एका बाईमुळे येत नाहीत. एक दुसरीला घेऊन येते.

दोनदा अर्ज केलेली
मास्तर, खरंय. पण पहिली कुणीतरी असते. ती नेहमी 'आम्ही'च्या मागे दडत राहिली तर तिच्या जागी सरपंचाचा नवरा 'मी' म्हणून उभा राहतो. गावात हे रोज होतं. बाईनं 'मी' लिहिणं आणि पुरुषानं 'मी' लिहिणं यात फरक आहे.

निवृत्त मास्तर, फलटण
हे मात्र मान्य करावं लागेल. माझ्या डोळ्यांसमोर अशी दोन गावं आहेत.

ब्रायटनवासी
नेवाशाच्या सरपंचांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे, आणि तो मलाही लागू पडतो. मी परत गेले नाही. मला कुठली अट नव्हती. दोन वर्षं परतण्याची अट मला असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. ताईंना ती आहे, ही या शिष्यवृत्तीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

माणदेशी लेक
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. वकील साहेब, कलम ६ चं मला खरंच माहीत नव्हतं, अर्जाच्या माहितीतही कुठे दिसलं नव्हतं. मोठ्या संकटातून वाचवलंत.

सरपंच काका, मी परत येऊन काय होणार हे मला आज सांगता येत नाही. पुढची निवडणूक त्याच डिसेंबरात झाली तर मी उमेदवारही नसेन, हे मी आधी मोजलंच नव्हतं. कुठली जागा आरक्षित होईल तेही माहीत नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा आहे. तिथे हा विषय मी स्वतः मांडणार. अर्ज करते आहे, निवड झाली तर शेवटचे तीन महिने नसेन, माझ्या जागी रजिस्टर कोण सांभाळणार, हे त्यांना विचारणार. त्या नको म्हणाल्या तर या वर्षी अर्ज नाही, पुढच्या वर्षी करेन. दोन-तीन जणींनी जबाबदारी उचलली तर त्याच रात्री निबंध लिहायला बसेन. नवाच्या बावन्न कशा झाल्या हेही त्यांनाच विचारायला हवं होतं, ते अजून विचारलेलं नाही.

निवृत्त मास्तर, फलटण
सभेची वेळ कळवा. पुरुषांनी आत बसायचं नसतं हे ठाऊक आहे, बाहेर पारावर बसेन. सकाळच्या दहिवडी एसटीनं येतो.