मदत हवी आहे: एचपीव्ही लशीविषयी पालकांशी नेमके कसे बोलावे?

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. दहा-बारा वर्षांच्या मुली धनुर्वाताच्या बूस्टरसाठी येतात, तेव्हा त्यांच्या आया ती लस काहीही न विचारता देऊ देतात. एचपीव्ही या गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूवरील लशीचे नाव काढले की मात्र "हिच्या पप्पांना विचारून सांगते" असे म्हणून कार्ड पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत जाते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये या विषाणूचे १६ व १८ हे प्रकार कारणीभूत असतात आणि लस ९ ते १४ या वयात देणे सर्वांत हिताचे, हे येथील डॉक्टर जाणतातच. माझी अडचण बोलण्याची आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, एचपीव्हीला वेगळे न काढता "आज तिला या लशी द्यायच्या आहेत" असे सरळ सांगायला शिकवलेल्या डॉक्टरांकडे लस सुरू होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ५.४ टक्के-अंकांनी जास्त वाढले. पालकांशी मोकळी चर्चा करायला शिकवलेल्या गटात तसा फरक दिसला नाही.

परंतु तिकडे लशीचा खर्च बहुधा विमा किंवा सरकारी योजना उचलते. आपल्याकडे खासगी दवाखान्यात पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक घेतली तरी एका डोसला साधारण २,००० रुपये पडतात, आणि इतक्या किमतीची लस डॉक्टरने ठामपणे पुढे केली की पालकांना त्यात धंदा दिसतो. "उसाचे बिल आले की बघू" म्हणणाऱ्यांना मी नकार देणाऱ्यांत मुळीच धरत नाही.

खरी कसोटी लागते ती "लग्नाला अजून किती अवकाश आहे, आत्ताच कशाला?" या प्रश्नाला, कारण तो मुलगी आणि आजी दोघी समोर बसलेल्या असताना येतो. "बी काविळीची लस आपण जन्मल्याबरोबर दिली, आजाराची वाट पाहिली नाही," एवढे सांगितल्यावर बऱ्याच जणींचे समाधान होते, पण एखादी आई "हा होतो कशाने?" असे थेट विचारते, तेव्हा "शारीरिक संबंधांतून" हे खरे उत्तर तिला मिळालेच पाहिजे. ते मुलीसमोर द्यावे की तिला बाहेर बसवून? बाहेर पाठवले की लपवण्यासारखे काही आहे, असा संशय उलट बळावतो, असे माझे मत झाले आहे. (वांझपणाच्या व्हॉट्सॲपी अफवांना उत्तर देणे त्यामानाने सोपे जाते.)

ग्रामीण भागातील डॉक्टर, आशाताई व शिक्षकांनी आपण वापरत असलेली वाक्ये जशीच्या तशी लिहावीत. वडिलांना दवाखान्यात बोलावावे की फोनवर सांगितलेले पुरते? आधी नको म्हणून नंतर मुलीला लस दिलेल्या पालकांनी, मन कोणाच्या व कोणत्या बोलण्याने वळले आणि सहा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या डोसची आठवण कोणी केली, हेही कळवावे.