ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम) पोरांनी एम्बेडेड (यंत्रांतल्या चिपसाठीचं प्रोग्रामिंग) सोडून वेबकडे का पळावं?

फर्मवेअरवाला:
यंदा पास झालेली पोरं भेटली की सगळ्यांचं एकच, कोअरमध्ये, म्हणजे आपल्या मूळ शाखेत, पैसा नाही, आम्ही फुल स्टॅक वेब करतोय. पुण्यात राहून एम्बेडेड सोडणं हा करंटेपणा आहे असं माझं स्पष्ट मत. चाकणला गाड्या बनतात, गाड्या तपासणारी एआरएआय इथेच, आणि एप्रिल २०२० ला धुराच्या नियमांत बीएस-४ वरून थेट बीएस-६ आलं तेव्हा साध्यासुध्या बाईकमध्येही कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, आला. तो कोड कुणीतरी लिहितंच ना?

हिंजवडीकर:
लिहितं, पण आपण नाही. ऑटोसार या गाड्यांच्या सॉफ्टवेअर मानकाचा बेसिक सॉफ्टवेअर स्टॅक विकत येतो, आपण टूलमध्ये कॉन्फिगर करायचा, वरचं अ‍ॅप्लिकेशन सिम्युलिंकमधल्या आकृत्यांमधून आपोआप जनरेट होतं, मग उरतं काय तर कॅनोई या टेस्टिंग टूलवर टेस्ट केसेस चालवा आणि मिस्रा या सी कोडच्या नियमांच्या वॉर्निंग साफ करा. डिझाइनचे निर्णय सगळे तिकडे जर्मनीत. बोर्ड लॅबमध्ये म्हणून वर्क फ्रॉम होम नाही, आणि माझ्याच बॅचचा बॅकएंडवाला पगारात कुठल्या कुठे गेला. पोरांना दोष देऊ नका.

फर्मवेअरवाला:
पगाराचं मान्य. पण तो जनरेट झालेला कोड गाडीत अडकतो आणि वॉचडॉग (अडकलेली चिप पुन्हा सुरू करणारा टायमर) सारखा रीसेट मारतो तेव्हा कोण बघतं? मॅप फाइल (मेमरीत काय कुठे बसलंय त्याची यादी) उघडून स्टॅक (फंक्शनची तात्पुरती मेमरी) कुठे ओव्हरफ्लो झाला, इंटरप्टमध्ये बदलणाऱ्या व्हेरिएबलला व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाच, असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावायचं कुठे राहिलं, हे शोधणारा माणूस टूल देत नाही. १९९७ साली मंगळावर नासाचा पाथफाइंडर लँडर असाच सारखा रीसेट होत होता, कारण प्रायॉरिटी इन्व्हर्जन, म्हणजे महत्त्वाचं काम कमी महत्त्वाच्या कामामागे अडकणं, आणि म्यूटेक्सचं (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरलेल्या कामाला तात्पुरती वरची प्रायॉरिटी देणं) पृथ्वीवरून चालू करून तो सावरला. हे काम मला अजूनही भारी वाटतं!

रजिस्टर_मॅप:
मी शिकवते म्हणून मधे पडते. कितीतरी कॉलेजांत अजून ८०५१ या मायक्रोकंट्रोलरवरच गाडी अडलीय, ती चिप १९८० ची. पोरांनी जेटॅग (चिपच्या आत डोकावायची जोडणी) लावून डीबग केलेलं नसतं, ऑसिलोस्कोप फक्त प्रॅक्टिकलपुरता. मग टेस्टिंगमध्ये घेतात आणि तिथेच राहतात. सीडॅक या सरकारी संस्थेचा डीईएसडी हा एम्बेडेडचा डिप्लोमा केलेली पोरं निदान लिनक्स ड्रायव्हरपर्यंत पोचतात आणि तिथून पुढे नोकऱ्याही जास्त प्रकारच्या मिळतात. इंटरव्ह्यूत सरळ विचारा, बोर्ड माझ्या टेबलावर असेल का, कोड मी लिहिणार का. गोलमोल उत्तर आलं तर ऑफर घेऊ नका.

हिंजवडीकर:
मॅडम, ज्याच्या डोक्यावर एज्युकेशन लोन आहे तो पहिली ऑफर सोडणार कशी?

रजिस्टर_मॅप:
घ्यावी मग, पण वर्षभरात टीम बदलून मागावी, आणि तोवर घरी स्वतःचा एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड घेऊन फ्रीआरटीओएस (छोट्या चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) चालवत राहावं. बोर्ड महाग नसतो.