मदत हवी आहे: सगळे ग्रुप फुल, शुक्रवारी पोर्टल बंद!

अडकलेलं_पाखरू
नमस्कार मंडळी, तातडीची मदत हवी आहे. या आठवड्यात तास सुरू झालेत. एका विषयाचे सगळे ग्रुप पोर्टलवर फुल दाखवतंय. एकच रिकामा आहे, तो मंगळवारी 10 ते 12, आणि नेमका तेव्हा दुसरा तास आहे. शुक्रवारी दुपारी नोंदणी बंद. ऑफिसला मेल केला, उत्तर नाही. बाकीचे म्हणतात "आमचं झालं". काय करू? "गूगल कर" सोडून काहीही सांगा.

उंटावरचा_शहाणा
एवढं काय त्यात! पहिल्या आठवड्यात ॲड-ड्रॉप, म्हणजे विषय घेणं-सोडणं, चालू असतं. ॲडव्हायजरची अपॉइंटमेंट घ्या, प्राध्यापकांकडून ओव्हरराइड, म्हणजे खास परवानगी, मिळवा, फुल वर्गातही घेतात. आमच्या वेळी मी असेच दोन विषय पदरात पाडून घेतले होते.

राईनकाठ
शहाणे, तुम्ही तुमच्या अमेरिकेचं सांगताय. धागाकर्त्याने देशच लिहिलेला नाही! पाखरू, देश कोणता? बॅचलर्स की मास्टर्स? आणि फुल काय झालंय, लेक्चर की सरावाचा तास?

अडकलेलं_पाखरू
जर्मनी. मास्टर्स, कॉम्प्युटर सायन्स. ग्रुप म्हणजे एक्सरसाइजवाले, ते यूबुंग. लेक्चरला कुणीही बसतं, तिथे प्रश्न नाही. म्हणजे आहे, काल जागा नव्हती म्हणून पायऱ्यांवर बसून ऐकलं. पण ते चालतं.

निवांत
पायऱ्यांवर बसणारे पहिल्या आठवड्यात ढिगाने असतात. नोव्हेंबरच्या मध्यावर जा, हवी ती खुर्ची मिळेल. यूबुंगचंही तसंच. पहिला गृहपाठ हातात पडला की निम्मे लोक गायब होतात. काही करू नकोस, चहा पी.

राईनकाठ
"काही करू नकोस" हा सल्ला धोक्याचा आहे. शुक्रवारी नोंदणी बंद झाली की जागा सुटली तरी पोर्टलवर नाव घालता येत नाही, मग कुणाच्या तरी हातापाया पडावं लागतं. वेटिंग लिस्ट आहे का? असेल तर आत्ता नाव घाल, मग चहा.

खडूस_मास्तर
मी इथे एका विद्यापीठात यूबुंग घेतो, म्हणून विचारतो. तीन गोष्टी सांगा, नाहीतर सगळे हवेत गोळ्या मारत बसतील. एक, परीक्षेला बसायला गृहपाठाचे गुण लागतात का? कॉम्प्युटर सायन्स आणि गणितात बऱ्याच विषयांना एकूण गुणांच्या 50 टक्के मिळवावे लागतात, तरच परीक्षेला बसू देतात. दोन, विषय सक्तीचा की यादीतून निवडलेला? तीन, तो फक्त हिवाळी सत्रात असतो की दोन्ही सत्रांत? हे सगळं मॉड्यूल हँडबुकमध्ये, म्हणजे विषयांच्या माहितीपुस्तिकेत असतं.

अडकलेलं_पाखरू
सर, हँडबुक दोनशेच्या वर पानांचं आहे आणि जर्मनमध्ये आहे.

खडूस_मास्तर
पीडीएफ आहे ना? विषयाचा क्रमांक शोधा. त्या विषयाचं पान-दीड पानच असतं.

प्रश्नचिन्ह
जरा अवांतर: पार्ट टाइम कामाचे तास किती चालतात? मीही याच सत्रात आलोय. कुणी 20 तास म्हणतं, कुणी 120 दिवस.

राईनकाठ
120 पूर्ण दिवस ही जुनी मर्यादा. मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस.

निवांत
चूक. आठवड्याला 20 तास. मी तसंच केलंय.

राईनकाठ
चूक नाही, तुमचं आणि माझं दोन्ही बरोबर आहे. दिवसांचा हिशोब व्हिसाचा. आठवड्याला 20 तास ही वर्कस्टुडंटची, म्हणजे शिकता शिकता नोकरी करणाऱ्याची, विम्याची अट, आणि लेक्चर चालू असताना 20 तासांपर्यंत काम केलं तर आठवड्याचे अडीच दिवस धरायचा पर्यायही आहे. विद्यापीठातल्या हिवी, म्हणजे विद्यार्थी साहाय्यकाच्या, नोकरीचे दिवस तर यात मोजतच नाहीत. प्रश्नचिन्ह, वेगळा धागा काढा हो, हा माणूस शुक्रवारपर्यंत बुडतोय.

उंटावरचा_शहाणा
तरी मी म्हणतो, प्राध्यापकांना भेटा. समोर उभं राहिलं की माणूस नाही म्हणत नाही.

खडूस_मास्तर
म्हणतो. मीच म्हणतो. ग्रुपची वाटणी बऱ्याचदा प्राध्यापक बघतही नाहीत, यूबुंगचा जबाबदार साहाय्यक बघतो. त्याचं नाव पहिल्या लेक्चरच्या स्लाइडवर किंवा मूडलवर, म्हणजे विषयाच्या ऑनलाइन पानावर असतं. मेल ऑफिसला नको, त्याला करा. मेलच्या सब्जेक्टमध्ये विषयाचं नाव, आत मॅट्रिक्युलेशन नंबर आणि कोणत्या वेळा जमतात ते. चार ओळी पुरेत. "आदरणीय महोदय, मी अत्यंत अडचणीत असून" वगैरे दोन परिच्छेद वाचायला त्या आठवड्यात कुणाकडे वेळ नसतो.

तिरकीट
फाखशाफ्टकडे कुणीच कसं पाठवलं नाही? त्या शाखेच्या विद्यार्थ्यांचीच संघटना असते. कोणत्या यूबुंगला नाव नसतानाही बसू देतात, कोण नोंद काटेकोर बघतं, कुठल्या विषयाच्या जुन्या परीक्षा मिळतात, सगळं तोंडपाठ. शिवाय इंग्रजीत बोलतात. मी पहिला आठवडा त्यांच्याच सोफ्यावर काढला. आणि मंगळवारी "10 ते 12" लिहिलंय ना, ते बहुतेक सव्वादहा ते पावणेबारा असणार. वेळेपुढे सी.टी. असेल तर पंधरा मिनिटं उशिराच सुरू होतं, एस.टी. असेल तर ठोक्याला. तेही बघून घे, कधीकधी नुसत्या पंधरा मिनिटांचाच घोळ असतो.

अडकलेलं_पाखरू
नाही, पूर्ण वेळ आदळतेय. सर, हँडबुक बघितलं. 50 टक्के लागतात. विषय निवडीचा आहे. फक्त हिवाळ्यात असतो. आणि मंगळवारी ज्या लेक्चरशी आदळतोय ते सक्तीचं आहे. पण सीनियर म्हणाला 30 क्रेडिट्स केलेच पाहिजेत, आणि हा विषय सोडला तर 24 होतात.

खडूस_मास्तर
हे आधी सांगितलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं. सत्राला 30 क्रेडिट्स हा अभ्यासक्रमाचा नमुना आराखडा आहे, बेडी नाही. एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम धरतात, म्हणजे सहा क्रेडिट्सचा विषय 150 ते 180 तास खातो. पहिल्या सत्रात 24 घेणारे भरपूर असतात. पण काही विद्यापीठांत पहिल्या वर्षात किमान काही क्रेडिट्सची अट असते. ती परीक्षा नियमावलीत बघा, सीनियरच्या तोंडून नको.

निवांत
24 घेऊन व्हिसा वाढवताना अडकला तर?

राईनकाठ
सहा क्रेडिट्सने सहसा कुणी अडकत नाही. व्हिसा वाढवताना अभ्यास नीट पुढे सरकतोय का ते बघतात, आणि पुढच्या सत्रात भरून काढता येतं. उगाच घाबरवू नका.

तिरकीट
आणि एक लक्षात ठेव, ग्रुपची नोंदणी म्हणजे परीक्षेची नोंदणी नव्हे. ती बहुतेक ठिकाणी वेगळी, नंतर, वेगळ्या पोर्टलवर. लोक यूबुंगला पूर्ण सत्र घाम गाळतात आणि परीक्षेची तारीख चुकवतात. उलटंही होतं. नाव घातलं, वेळेत मागे घेतलं नाही, डॉक्टरचा दाखला न देता गैरहजर राहिलं, की सरळ 5.0, म्हणजे नापास.

प्रश्नचिन्ह
वेगळा धागा काढलाय. पण इथेच एक विचारतो, लेक्चर संपल्यावर सगळे बाकं का बडवत होते? मला वाटलं भांडण झालं.

तिरकीट
टाळ्यांऐवजी. तूही बडव, मजा येते.

अडकलेलं_पाखरू
अपडेट: साहाय्यकाला चार ओळींचा मेल टाकला, तासाभरात उत्तर आलं. वेटिंग लिस्टवर घेतलंय, गुरुवारच्या ग्रुपला तोवर येऊन बस म्हणाला. पहिला गृहपाठ दोघांनी मिळून द्यायचाय. जागा सुटली तर ठीक, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात. सगळ्यांचे आभार. आता जोडीदार कुठे शोधू?

उंटावरचा_शहाणा
प्राध्यापकांना विचारा.

तिरकीट
गुरुवारी जो तुझ्याइतकाच गोंधळलेला दिसेल त्याच्या शेजारी बस.