'बँकेचा आकार' म्हणजे काय?

सातरस्ता: बँकिंगवरच्या एका व्याख्यानाचं टिपण मराठीत करतोय. शीर्षक दिलं, 'आर्थिक संकटात बँकेच्या आकाराचा नफ्यावर परिणाम'. सासरे यंत्रमागवाले. वाचून म्हणाले, "आकार वाढवला की नफा वाढणारच की! त्यात व्याख्यान कशाला?" त्यांच्या डोक्यात वीजबिलातला स्थिर आकार, वहन आकार, म्हणजे शुल्क. मग लहानमोठेपणाला म्हणायचं काय?

कडकभाकरी: आकारमान. विषय संपला.

निवृत्त रोखपाल: आकारमान घागरीचं असतं हो. आम्ही 'व्याप' म्हणायचो. "शाखेचा व्याप वाढलाय, एक कारकून द्या."

शेंगाचटणी: शुल्काला 'आकार' म्हणतात हीच सरकारी चूक आहे. आकार म्हणजे घाट, रूप.

निवृत्त रोखपाल: सातबारा कधी बघितलाय का? त्यावरचा 'आकार' रुपये-पैशांतच असतो. आकारणी कुठून आली मग?

सातरस्ता: काका, व्याप म्हणजे कटकटसुद्धा. अर्थात इथे तेही शोभेल. १ एप्रिल २०१७ ला पाच सहयोगी बँका स्टेट बँकेत आल्या, आणि २०१७-१८ ला तोटा ६,५४७ कोटी. तिच्याहून लहान एचडीएफसी बँकेला त्याच वर्षी १७,४८७ कोटी नफा.

निवृत्त रोखपाल: तोटा मुख्यतः बुडीत कर्जांच्या तरतुदींचा, म्हणजे त्यापोटी बाजूला काढाव्या लागलेल्या रकमांचा. विलीनीकरणाच्या माथी सगळं मारू नका.

चाटीगल्ली: मोठेपणाचा फायदा वेगळाच असतो. २०१९ ला रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे पीएमसी या सहकारी बँकेतून आधी हजारच रुपये काढता येत होते ना, त्याच आठवड्यात आईनं पतसंस्थेतली ठेव मोडली आणि दीड टक्का कमी व्याजावर सरकारी बँकेत नेऊन टाकली. घाबरलेल्यांचा पैसा मोठ्या बँकेला असा स्वस्तात मिळतो.

कडकभाकरी: मग 'एकूण मालमत्ता' लिही की बे. मोजतात तीच.

शेंगाचटणी: त्यात निम्म्याहून जास्त कर्जंच असतात. माझ्या डोक्यावरचं कर्ज ही बँकेची मालमत्ता? सासऱ्यांना हे समजावून दाखव.

चाटीगल्ली: 'पेढी' बरा शब्द होता. पीठिका, बसायची जागा. बँकसुद्धा मूळ इटालियन बाकच. आणि आजोबा सांगायचे, दिवाळं काढणारा पेढीवर भरदिवसा दिवा लावायचा, म्हणून 'दिवाळं'.

शेंगाचटणी: मला ही घरगुती व्युत्पत्ती वाटते. मग दिवाळीला सगळेच बुडाले म्हणायचं का?

सातरस्ता: मंडळी, शीर्षक! उद्या छपाईला जायचंय.

कडकभाकरी: दिवा तेलाचा की तुपाचा?

चाटीगल्ली: बुडालेल्याकडे तूप कुठलं बे?