बॅ. नाथ पैंचं १९६७ चं घटनादुरुस्ती बिल, नक्की काय प्रकरण होतं?

शहापूरकर

बेळगावात नाथ पै सर्कलवरून दहा वर्षं शाळेत गेलो, नाव तोंडपाठ पण माणूस माहीत नाही असा प्रकार. घरी विचारलं की "मोठे वक्ते होते, सीमाप्रश्नावर भांडले, इथेच बेळगावात वारले" एवढंच. आता लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुस्तकात गोलकनाथ आणि केशवानंद या सुप्रीम कोर्टाच्या दोन केसच्या मधे कुठेतरी एक ओळ दिसली, नाथ पै बिल, पास झालं नाही, संपलं. सरांना विचारलं तर म्हणाले परीक्षेला येत नाही, सोड.

माझा घोळ असा होतोय की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही असं गोलकनाथमध्ये कोर्ट म्हणालं, म्हणजे निकाल आपल्याच बाजूचा झाला ना? मग बेचाळीसला जेल भोगलेला, विरोधी बाकावरचा समाजवादी माणूस उठून संसदेला तो अधिकार पाहिजेच म्हणून बिल का आणतो? हे तर सरकारने करायचं काम. कोणी जुनी भाषणं वाचली असतील तर सांगा, आणि प्लीज विकीची लिंक नको, ती वाचून झालीय.

बिनकोटाचा वकील

मूलभूत हक्क म्हटलं की तुझ्या डोळ्यासमोर बोलायचं स्वातंत्र्य येतं, पण तेव्हा त्या यादीत मालमत्तेचा हक्क पण होता हे आधी लक्षात घे. गोलकनाथ केस कशावरून? जालंधरच्या एका कुटुंबाची पाचशे एकरांच्या वर जमीन, पंजाबच्या कायद्याने माणशी तीस एकर ठेवून बाकीची जादा ठरवली, ते कोर्टात गेले. २७ फेब्रुवारी १९६७ ला अकरा जजांच्या बेंचने सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला की इथून पुढे मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. बरं, १९५१ ला शंकरी प्रसादमध्ये आणि १९६५ ला सज्जन सिंगमध्ये हेच कोर्ट करता येते म्हणालं होतं. म्हणजे एका मताने सगळं उलटं.

आता पैंच्या जागी उभा राहून बघ. मतदारसंघ राजापूर, म्हणजे खोतांचा, सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचा मुलूख, खोती कायद्याने जाऊन पंधरा-सतरा वर्षं झालेली, कुळं अजून सातबाऱ्यासाठी चकरा मारतायत. जमीन सुधारणेचा पुढचा प्रत्येक कायदा कोर्टात अडकणार हे त्यांना दिसत असणार (हा माझा अंदाज, पण माणूस समाजवादी होता, फार लांबचा नाही). ७ एप्रिलला बिल मांडलंसुद्धा, निकालाला सहा आठवडेही झाले नव्हते. आणि मागणी काय, तर घटना दुरुस्त कशी करायची ते सांगणाऱ्या कलम ३६८ मध्ये स्पष्ट लिहा की घटनेतलं कुठलंही कलम संसद दुरुस्त करू शकते, बस.

खडूस काका

वकीलसाहेब, हेतू कोणी नाकारत नाही, पण "कुठलंही कलम" या दोन शब्दांतच सगळं आलं की. तेव्हाही स्वतंत्र पक्ष नावाच्या पक्षाचे लोक आणि वकील नानी पालखीवाला हेच ओरडत होते की आज जमीन, उद्या काय? आणि उद्या आलाच ना. १९७५ ला एकोणचाळिसावी दुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या हाताबाहेर नेली, मग बेचाळिसावीत लिहून टाकलं की संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला कुठलीही मर्यादा नाही आणि कुठल्याही कोर्टात दाद नाही, ते १९८० ला सुप्रीम कोर्टात मिनर्व्हा मिल्स केसमध्ये उडालं म्हणून वाचलो. पै स्वतः हुकूमशाहीच्या जवळपास फिरकणारे नव्हते, मान्य, पण कायदा करताना तो आपल्यासारख्याच्या हातात राहील असं धरून चालायचं नसतं, ही त्यांची चूकच म्हणायची.

जाता जाता, सज्जन सिंगमध्येच एका मराठी जजने, न्या. मुधोळकरांनी, शंका काढली होती की घटनेचं मूळ वैशिष्ट्य बदलणं याला दुरुस्ती म्हणायचं का. १९७३ च्या केशवानंदमधली मूलभूत चौकट, म्हणजे संसदेलाही बदलता न येणारा घटनेचा गाभा, त्याच बीजातून आली. त्यांच्या नावाचा चौक मात्र मी कुठे पाहिला नाही.

रेडीकर

भाषणं मी वाचलीत, सगळी नाही. संसदेच्या डिजिटल लायब्ररीत स्कॅन आहेत, एका पानावर दोन रकाने, रकान्यांना नंबर, मधे मधे कंसात इंटरप्शन्स, आणि काही पानं इतकी फिकट की मोबाईल डोळ्याला लावावा लागतो. आमचे आजोबा त्यांच्या सभांना चालत जायचे, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. हे खासगी विधेयक होतं, सरकारने नाही तर साध्या खासदाराने मांडलेलं, म्हणजे शुक्रवारची दुपार, आठवड्याचे ते अडीच तास, अर्धं सभागृह गाडी पकडायच्या घाईत. खासगी विधेयकं आजपर्यंत मोजून चौदा पास झालीत आणि १९७० नंतर एकही नाही. अशा जागेवरून एक विरोधी खासदार कलम ३६८ ला हात घालतो आणि ते बिल दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जातं, परत येतं, साडेतीन वर्षं जिवंत राहतं, हे कमी नाही. पास होणं अवघडच होतं, घटनादुरुस्तीला लागणारी दोन तृतीयांश मतं कुठून आणणार, १९६७ ला काँग्रेसच २८३ वर आली होती. मग २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली, बिल बुडालं, आणि १८ जानेवारी १९७१ ला पै गेले. अठ्ठेचाळीस वय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंदिराबाईंनी ३५२ खासदारांच्या जोरावर चोविसावी दुरुस्ती करून घेतली, जवळपास तीच गोष्ट, वर राष्ट्रपतींनी सही केलीच पाहिजे हे जास्तीचं. मांडणारे कायदामंत्री गोखले.

काका, तुमचा मुद्दा पटतो पण १९७५ बघून १९६७ च्या माणसाला चूक म्हणणं सोपं आहे हो.

खडूस काका

सोपं आहे म्हणून खोटं नाही ना. पालखीवालांना १९६७ मध्येच दिसत होतं.

बिनकोटाचा वकील

पालखीवाला जमीनमालकांच्या बाजूने पण उभे राहायचे, ते पण सांगा मग. असो. मजा अशी की राजापूरची सीट पैंनंतर मधु दंडवत्यांकडे आली, ते आणीबाणीत बंगलोरच्या तुरुंगात, आणि नंतर ज्या सरकारमध्ये ते रेल्वेमंत्री होते त्याने १९७८ ला चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढूनच टाकला. ज्याच्यावरून भांडण सुरू झालं तोच गेला.

शहापूरकर

बापरे, एवढं सगळं त्या एका ओळीत होतं. काकांचं पटतंय आणि रेडीकरांचं पण, त्यामुळे मूट कोर्टला, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्याला, हाच विषय घेतो, पार्टनरला काकांची बाजू देतो. रेडीकर, ती ७ एप्रिलची फाइल कशी शोधायची?

रेडीकर

चौथी लोकसभा निवड आणि तारीख टाक. फाइल जड आहे, कॉलेजच्या वायफायवर लाव आणि चहा पिऊन ये.